हललेला फोटो

[काळा पडदा. शटरचा आवाज. एकदा. मग सलग चार वेळा.]

आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द अगदी साधा आहे. 'हलला.'

फोटो काळा आला तर उजळता येतो. वाकडा आला तर सरळ करता येतो. कडेला कुणाचं कोपर आलं तर कापून टाकता येतं. पण फोटो हलला की संपलं. स्क्रीनवर मोठा करून बघायचा, तोंडातल्या तोंडात एक शिवी घालायची आणि पुढच्या फोटोकडे वळायचं.

मी लग्नाचे फोटो काढते. म्हणजे हललेल्या फोटोंपासून पळणं हाच माझा धंदा. तरीही गोष्ट हललेल्या फोटोपासूनच सुरू करते.

[जुनी छबी. पडद्यावर हळूहळू जवळ येते.]

ही छबी १८५८ सालची, तारीख २५ जानेवारी. लंडन. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न. नवरी १७ वर्षांची. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर त्या काळी छबी उमटवत, आणि ती उमटेपर्यंत समोरच्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. नवरीचे वडील राहिले. नवरीही राहिली. नवरीच्या आईचा चेहरा मात्र पुसट आला. इतकी थरथरत होते की माझी छबी अस्पष्टच आली, असं राणीने स्वतःच रोजनिशीत नोंदवून ठेवलंय.

गंमत बघा. या बाईकडे स्वतःच्या लग्नाचा फोटो नव्हता. तिचं लग्न १० फेब्रुवारी १८४० चं. छबी उमटवायची ही युक्ती पॅरिसमध्ये जाहीर झाली ऑगस्ट १८३९ मध्ये, म्हणजे जेमतेम सहा महिने आधी. तिच्या लग्नाचा म्हणून जो फोटो फिरतो, तो रॉजर फेंटनने १८५४ मध्ये काढला. तेव्हा लग्नाला चौदा वर्षं झाली होती. राणी दरबारी पोशाखात आहे एवढंच.

तेव्हापासून कॅमेरे कुठल्या कुठे गेले. आया अजूनही थरथरतात.

[खोली. पडदे ओढलेले. निवेदिका एक पडदा बाजूला सारते.]

सकाळी तयारीच्या खोलीत शिरले की मी कॅमेरा काढत नाही, दिवे बंद करते. लोक चमकतात. फोटोग्राफर आली आणि अंधार करतेय! पण वर ट्यूब, आरशाभोवती पिवळे बल्ब, खिडकीतून निळसर उजेड. तीन रंगांचे तीन उजेड एकाच चेहऱ्यावर पडले की कातडीचं काय होतं ते मला रात्री निस्तरावं लागतं. म्हणून सगळे दिवे बंद. एक खिडकी उघडी. नवरीची खुर्ची खिडकीला काटकोनात. मग बॅग भिंतीला टेकवायची आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं. खोलीतल्यांना माझा विसर पडला पाहिजे.

हे विसर पडणं फार महत्त्वाचं. कारण मला जे हवंय ते कुणी मुद्दाम करत नाही. एका लग्नात नवरीच्या पाठीवरचे हूक तिची आई लावत होती. बारीक बारीक हूक, वीस-बावीस तरी असतील. पहिले दहा झटपट लागले. मग बोटं अडखळायला लागली. एक हूक लागेना. आईने चष्मा वर सरकवला, पुन्हा प्रयत्न केला, मग दोन्ही हात खाली सोडले आणि अंगठ्याने बोटांची टोकं चोळली, जणू थंडीने बधिर झालीत. खोलीत थंडी नव्हती. नवरीला पाठीमागचं काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, "आई, झालं का?" आई म्हणाली, "झालंच."

मी लेन्समधून फक्त ती बोटं बघत होते. ८५ मिलिमीटरची लेन्स, पूर्ण उघडी, एफ १.४. दोन मीटरवरून या लेन्सला चार-पाच सेंटीमीटर एवढाच पट्टा स्पष्ट दिसतो. बोटं स्पष्ट ठेवायची तर चष्मा धूसर. तिथे बोटंच हवी होती.

एक गोष्ट नवशिक्यांना पटायला वेळ लागतो. हल्लीच्या कॅमेऱ्यांत हात हलला तर सावरून घेण्याची सोय असते. छान सोय आहे. पण ती माझ्या हातापुरती. समोरचा माणूस हलला तर कॅमेरा काही करू शकत नाही, तिथे शटरच, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड सोडणारी झडप, पळवावं लागतं. सेकंदाचा सव्वाशेवा भाग, चालत्या माणसाला अडीचशेवा. माझा हात सावरता येतो, त्या आईचा नाही.

[सभागृह. गर्दीच्या पाठी. उंचावलेले फोन.]

लग्न कुठलंही असो, कुठल्याही धर्माचं, कुठल्याही देशातलं, त्यात एक क्षण असतो. त्याच्या आधी ती दोन माणसं वेगळी असतात आणि नंतर नवरा-बायको. तो क्षण पुन्हा मागता येत नाही. जाहिरातीचं शूट असतं तर म्हटलं असतं, परत एकदा घेऊ. इथे नाही. म्हणून दोन कॅमेरे अंगावर. म्हणून प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिला जाणारा कॅमेरा. म्हणून आदल्या रात्री सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायची. एकदा माझं आणि माझ्या जोडीदाराचं घड्याळ सात मिनिटांनी पुढेमागे होतं. संगणकावर सगळं क्रमाने लावलं तेव्हा पाहुणे लग्नाआधीच अभिनंदन करून मोकळे झाले होते.

आणि नेमक्या त्या क्षणी पहिल्या रांगेतले काका फोन घेऊन उठतात. नेहमीच. मी रागावत नाही आता. आधी जाऊन त्यांची उंची बघून ठेवते.

बरं, हल्ली सगळ्यांना 'कँडिड' हवं असतं, म्हणजे पोज न देता, नकळत टिपलेलं. "ताई, कँडिड काढता ना?" हो, काढते. "मग आम्ही तुमच्याकडे बघत नाही असं बघतो हं." आता काय बोलणार! या नैसर्गिक पद्धतीला मोठं नाव मिळवून देणाऱ्यांत डेनिस रेगी हा अमेरिकन फोटोग्राफर होता. सप्टेंबर १९९६, जॉर्जिया राज्यातलं कंबरलँड बेट. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा जॉन केनेडी ज्युनियर आणि कॅरोलिन बेसेट यांचं गुपचूप लग्न. संध्याकाळ, लाकडी छोटंसं चर्च. दाराबाहेर पडताना नवऱ्याने नवरीचा हात ओठांशी नेला आणि रेगीने तो टिपला. जगभर छापला गेला तो फोटो. त्यात कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

त्यानंतर ग्रुप फोटो. माझ्या व्यवसायातले अर्धे लोक ग्रुप फोटोला नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. वीस वर्षांनी लोक ग्रुप फोटोतच बोट ठेवून विचारतात, हा कोण? पण त्याचा जाच मोठा. एक जण जागेवर नसतो. त्याला शोधायला गेलेला परत येत नाही. सगळे जमले की कुणीतरी डोळे मिटतं. यावर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत दोघांनी चक्क गणित मांडलंय आणि त्यांना २००६ सालचं गणिताचं इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीशीर बक्षीस, मिळालंय. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, तेवढे फोटो काढा. उजेड कमी असेल तर दोनने भागा. पंधरा माणसं, चांगला उजेड, पाच फोटो. मी हे सूत्र वाचायच्या आधीपासून साधारण तेवढेच काढत होते. डोळे मिटणाऱ्या मामांचा मात्र त्यात हिशेब नाही.

[पायातले बूट. खुर्चीखाली उघडी बॅग.]

पाय दुखतात. पाठ दुखते. जेवायला सगळ्यांच्या शेवटी, तेही उभ्याने, कारण घास तोंडात असतानाच कुणीतरी म्हणतं, "ताई, एक आमचा." सुट्टीच्या दिवशी लोक लग्न करतात, त्यामुळे माझ्याच भावंडांच्या कार्यक्रमांना मी नसते. हे झालं. यात रडण्यासारखं काही नाही, धंदा निवडला तेव्हा माहीत होतं.

"एका दिवसाचे एवढे पैसे?" हा प्रश्न मात्र अजून टोचतो. एक दिवस तुम्हाला दिसतो. त्या दिवशीचे तीन-साडेतीन हजार फोटो घरी आल्यावर, कितीही वाजले असोत, आधी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायचे. ते उतरेपर्यंत मी बूटसुद्धा काढत नाही, हा माझा वेडेपणा समजा. मग पुढचे कितीतरी दिवस निवड. एकाच हसण्याचे नऊ फोटो, त्यातला एक ठेवायचा. मग रंग. मग अल्बम. आणि अल्बमसाठी फोटो निवडायला नवरा-नवरीला वर्ष लागतं. दोन-दोन वर्षं न निवडलेले अल्बम आहेत माझ्याकडे. लग्न सुखाचं चाललंय म्हणून निवडत नसतील, असं मी धरून चालते.

[अंधुक सभागृह. नाचणाऱ्यांच्या सावल्या, दिव्यांच्या लांबट रेषा.]

आता तो फोटो.

रात्रीचा नाच चालला होता. नाचाला मी शटर मुद्दाम मंद ठेवते, सेकंदाचा पंधरावा भाग, आणि वरून फ्लॅश. फ्लॅशने चेहरा गोठतो आणि मागचे दिवे रेघांसारखे ओढले जातात. मजा येते. तेवढ्यात नवरी गर्दीतून बाहेर पडली आणि कोपऱ्यात खुर्च्या एकात एक रचत असलेल्या वडिलांकडे गेली. हो, मुलीच्या लग्नात बाप खुर्च्या रचत होता. काही माणसांना हात रिकामे ठेवता येत नाहीत.

तिने त्यांच्या हातातली खुर्ची काढून घेतली. मी वळले. तिथे फ्लॅश नको म्हणून फ्लॅश बंद केला, तेवढं सुचलं. शटर बदलायचं सुचलं नाही. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्यांचे हात आधी नुसते लोंबत राहिले, मग वर आले. मी चार फोटो काढले. चारही पंधराव्या भागावर.

मग लक्षात आलं. चाक फिरवलं, दोनशेवर आणलं. एवढ्यात वडिलांना मी दिसले. ते सावरले, शर्ट खाली ओढला, मुलीच्या खांद्यावर नीट हात ठेवला आणि हसले. पाचवा फोटो स्पष्ट. पापण्यांचे केस मोजून घ्या.

घरी आल्यावर ते चार बघून मला रडू यायचं बाकी होतं. इतक्या वर्षांत ही नवशिकी चूक! चारही बाद केले. म्हणजे केले असं वाटलं. एक चुकून निवडीत राहून गेला.

दीड महिन्याने नवरीचा फोन. अल्बमसाठी नंबर सांगत होती. शेवटी म्हणाली, "आणि ताई, २,१४७ नंबरचा मोठा करून द्या. भिंतीवर लावायचाय."

मी उघडून बघितला. "अगं, हा हललाय. चुकून आलाय तुझ्याकडे. याच्या पुढचा बघ ना, तिथलाच आहे, एकदम छान आलाय."

"बघितला मी तो."

"मग?"

"त्यात बाबा तुमच्याकडे बघतायत."

[निवेदिका संगणकासमोर. पडद्यावर २,१४७. दोन चेहऱ्यांच्या कडा एकमेकांत मिसळलेल्या.]

मी थोडा वेळ हुज्जत घातली. चोवीस बाय छत्तीस इंचांत तर हललेलं आणखी दिसतं, लोक विचारतील कुणी काढलाय, माझं नाव जाईल. हे शेवटचं मी मोठ्याने बोलले नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ताई, बाबांचे हात बघितलेत का?"

मी फोटो मोठा केला. हात तिच्या पाठीवर होते. तेच सगळ्यात जास्त हलले होते.

फाईल मी जशी होती तशी पाठवली. कडा धारदार करायचं बटण दोनदा दाबलं आणि दोन्हीदा मागे घेतलं. संध्याकाळी प्रिंटिंग लॅबमधून फोन आला.

"मॅडम, चुकून दुसरी फाईल आलीय का? ही सॉफ्ट आहे."

"नाही, तीच आहे."

"अहो, हललाय मॅडम हा."

"हो," मी म्हटलं. "हललाय. छापा."