पहिली मात्रा सोडायची

नमस्कार मंडळी! कमिटीने रेगे या जमैकन संगीतावर बोलायला पाचच मिनिटं दिलीयेत आणि मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे पटकन आटपतो.

बर्मिंगहॅमला आलो तेव्हा मी हँड्सवर्थमध्ये राहायचो. स्टील पल्स हा रेगे बँड तिथलाच, पण तेव्हा मला काय माहीत. शेजारी एक जमैकन आजोबा होते, रविवारी सकाळी त्यांच्या स्पीकरचा बेस भिंतीतून असा यायचा की आमच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या. एकदा तक्रार करायला गेलो आणि दोन तासांनी चहा पिऊन परत आलो.

त्यांनी मला टेबलावर ठेका धरायला लावला. मी लहानपणी तबला शिकलेलो, माझी सगळी धाव समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे. आजोबा हसले, म्हणाले पहिली सोड. वन ड्रॉप म्हणतात त्या ठेक्यात ड्रमर पहिली मात्रा चक्क रिकामी ठेवतो, ठोका पडतो तिसरीवर, आणि गिटारचं चक्-चक् दुसरी-चौथीला. ते हातात बसायला मला महिना लागला, आणि त्याच महिन्यात बायको म्हणाली, तू हल्ली समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतोस, बरं आहेस ना?

आपल्याला रेगे म्हणजे जटा, गांजा आणि टीशर्टवरचा गायक बॉब मार्ली. गांजा हा शब्द तर आपल्याकडचाच, १८४५ पासून करारावर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर जमैकात गेलेला. पण आजोबा बोलायचे ते बायबलातल्या स्तोत्रांबद्दल. रास्ताफारी, म्हणजे जमैकातल्या एका धर्मपंथाचे लोक, 'मी आणि तू' म्हणत नाहीत, 'आय अँड आय' म्हणतात, कारण दोघांत देव एकच. वारीत अनोळखी माणसालाही आपण माऊली म्हणतो, मला तेच आठवलं. (रास्ताफारी ज्याला देव मानतात तो इथिओपियाचा सम्राट हेली सेलासी खरंच देव होता का, यावर मात्र आमचं कधीच जमलं नाही, शेवटी तो विषयच बंद केला.)

मार्लीवर ३ डिसेंबर १९७६ ला किंग्स्टनमध्ये घरात घुसून गोळ्या झाडल्या. ५ तारखेला हा माणूस दंडातल्या गोळीसकट स्टेजवर. मग १९७८ च्या एप्रिलमध्ये त्याने मॅनली आणि सियागा या जमैकाच्या, एकमेकांच्या कट्टर विरोधी दोन नेत्यांना स्टेजवर बोलवून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. राजकीय खून काही थांबले नाहीत, १९८० च्या निवडणुकीत तर आणखी वाढले. तरी ते हात धरणं मला फुकट गेलं असं वाटत नाही, आमच्या भावाभावांच्या जमिनीच्या भांडणात पहिला फोन मी केला तो तेच आठवून.

बरं, साऊंडवाल्या दादा, लावा आता. टाळी फक्त तिसरीवर हं!

(इथे गाणं लावलं. पहिल्या रांगेतून पहिल्याच मात्रेला टाळी आली.)