उड्या मोजून घ्याव्यात

आजच्या पत्रिकेवर ‘वयस्कर घोडा आणि उडी’ हा विषय छापला आहे आणि त्याखाली ‘शास्त्रशुद्ध मार्गदर्शन’ असे शब्द आहेत. ते शब्द संयोजकांचे आहेत. मार्गदर्शन मी करणार आहे, परंतु त्याआधी मला एक तक्रार मांडायची आहे. कारण घोडे बाळगणारी, घोड्यांवर बसणारी आणि आपली मुले घोड्यावर बसवून कुंपणापाशी जीव मुठीत धरून उभी राहणारी अशी तिन्ही प्रकारची माणसे एका सभागृहात एकत्र सापडण्याचा योग वरचेवर येत नाही.

घोडा वयस्कर झाला की त्याला उडी घालावी की नाही, हा प्रश्न आपण वयाच्या आकड्यावर सोडवू पाहतो, ही माझी तक्रार. कोणी म्हणतात, पंधरा वर्षे झाली की उडी बंद. कोणी लगेच चिलीच्या हुआसोचा दाखला देतात. दाखला खराच आहे: १९३३ साली जन्मलेल्या या घोड्यावरून कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल यांनी ५ फेब्रुवारी १९४९ रोजी विन्या देल मार येथे २.४७ मीटरचा अडथळा पार केला आणि तो विक्रम अद्याप कोणाला मोडता आलेला नाही. परंतु दाखला देणारे हे सांगत नाहीत, की ती उडी तिसऱ्या प्रयत्नात साधली आणि त्यानंतर हुआसोला निवृत्त करण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बॅचसाठी त्याच्यावर खोगीर चढवल्याचे मी तरी कोठे वाचलेले नाही. उडीचे कौतुक करताना आपण नेहमीच असे अर्ध्यावर थांबतो. हळदीघाटीच्या चेतकाने ओढा ओलांडल्याची आख्यायिका शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि ओढ्यापलीकडे चेतक कोसळला हे सांगताना आपला आवाज खाली येतो.

शिवाय ज्या आकड्यावर आपण भांडतो तो खरा असतो का? आपल्याकडे रायडिंग शिकवणाऱ्या जागांमधील बरेच घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे, असतात; त्यांचे कागद तरी असतात. सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा हस्ते-परहस्ते आलेल्या जनावराचे वय मात्र दातांवरून अजमावावे लागते. वरच्या जबड्यातील समोरच्या दातांच्या रांगेत अगदी कडेला जो दात असतो, त्यावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक तपकिरी खाच दिसू लागते. पंधराच्या आसपास ती दाताच्या मध्यापर्यंत येते आणि विसाच्या आसपास खालच्या टोकाला पोहोचते. हाही अंदाजच. तरीही, ‘बाराचा आहे, ताई, लिहून देतो’ असे शपथेवर सांगणाऱ्या एका विक्रेत्यासमोर मी घोड्याचा ओठ वर केला तेव्हा ती खाच पार खालपर्यंत उतरलेली होती. विक्रेत्याने शांतपणे उत्तर दिले, ‘पाणी खारं होतं तिकडचं.’

आता मैनेविषयी. त्यात माझी स्वतःची चूक आहे, म्हणून ती हकीकत मी टाळणार नाही. मी नव्याने शिकवू लागले होते आणि जेथे शिकवत होते तेथे मैना नावाची कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी होती. रेसमधून आलेली, कागदोपत्री अठरा वर्षांची. वार्षिक कार्यक्रमात तीन मुले तिच्यावरून कोर्स, म्हणजे ९० सेंटिमीटर उंचीच्या अडथळ्यांची मालिका, करणार होती. तीन मुले आणि घोडी एक, हा हिशेब कोणाच्या ध्यानात आला नाही. प्रत्येक मुलाला वाटे की आपण पंधराच उड्या मारल्या; मैनेने पंचेचाळीस मारलेल्या असत. आमच्या पागेत एक वृद्ध सईस होते, त्यांना सगळे मामा म्हणत. रोज पहाटे पट्ट्या सोडल्यावर ते उकिडवे बसून मैनेच्या पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्यांमागून, गुडघ्यापासून खाली, हाताची मागची बाजू फिरवत. आधी एका पायावर, मग दुसऱ्या. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी ते मला म्हणाले, ‘ताई, डावा पाय कोमट लागतोय, आणि घोडी उतरताना कचरते.’ मी तिला चालवून पाहिली, लंगडत नव्हती, आणि सरावाला सोडली. त्या संध्याकाळी ती तिसऱ्या अडथळ्यासमोर थांबली. ‘खोड लागलीय, वेळीच मोडा,’ असे वरिष्ठांनी फर्मावले आणि मी मुलाच्या हातात चाबूक दिला. पुढच्या खेपेस मैना उडाली, उतरताना डाव्या पायावर कोलमडली आणि मुलगा वाळूत पडला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मैनेच्या सोनोग्राफीत नळीमागचा सस्पेन्सरी लिगामेंट, म्हणजे घोट्याला तोलून धरणारा अस्थिबंध, फाटलेला निघाला, आणि त्यातील काही इजा जुनी होती. म्हणजे त्या थांबण्यापूर्वी कित्येक दिवस ती दुखत्या पायावर उतरत होती आणि आम्ही तिच्या सोशिकपणाला तयारी समजत होतो.

घोडा उडी मारताना कौतुक मागच्या पायांच्या झेपेचे होते, पण किंमत पुढचे पाय मोजतात. पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसतात. घोड्याला गळपट्टीचे हाड नाही, धड दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. उतरताना दोन्ही खूर एकदम टेकत नाहीत, एकामागून एक टेकतात, आणि अडथळा उंच होत जातो तसा त्यांवरचा भार वाढतो. तो भार पेलणाऱ्या कंडरांना आणि लिगामेंटना रक्तपुरवठा बेताचा असतो. इजा भरून आली तरी तेथे व्रणाची ऊती राहते, जिला पूर्वीची लवचीकता नसते. वयस्कर घोड्याच्या पायांत अशा जुन्या जागा साठलेल्या असतात. म्हणूनच एक उडी किती उंच याइतकाच उड्या किती हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपण विचारतच नाही. सतरा वर्षांच्या, कोर्स पाठ असलेल्या घोड्याला उडीचा सराव नकोच असतो. सराव स्वाराला हवा असतो, आणि आपण तो घोड्याच्या खात्यातून काढत असतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत. पत्रिकेवरचा विषय आता भरधाव सांगावा लागेल.

उडी सुरू ठेवायची की नाही हे ठरवण्याआधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी आणि सांधा काही काळ दुमडून धरून लगेच दुडकीवर पळवण्याची चाचणी तीत असावी. उन्हाळ्यातही केस गळत नसतील तर कुशिंग या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी, कारण पंधरा वर्षांपुढे तो विकार पुष्कळ आढळतो आणि लिगामेंट त्यात कमकुवत होतात. वेदनाशामक देऊन उडी घालू नये. ब्यूट (फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक) दिल्यावर घोडा बरा होत नाही, फक्त बोलायचा थांबतो. घोटा किंवा नळी गरम असेल, तर त्या दिवशी उडी नाही, कार्यक्रम कोणाचाही असो.

उडी चालू ठेवायची असेल तर एकेकाळी त्याला सहज जमत असे त्यापेक्षा खालची उंची धरावी. माझ्याकडे वयस्कर घोड्यासाठी आठवड्यातून एक दिवस, फार तर दोन, आणि एका दिवशी दहा-बारा उड्या असा हिशेब असतो, सगळ्या स्वारांच्या मिळून; सुरुवातीची किमान वीस मिनिटे चाल आणि दुडकी वेगळी. बाकीचा सराव जमिनीवर ठेवलेल्या पोलवरून करावा. अंतर मोजणे, लय सांभाळणे, नजर वर ठेवणे हे स्वाराला तेथेही शिकता येते आणि घोड्याला उतरावे लागत नाही. पावसाळा ओसरून मैदान वाळते तेव्हा जमीन दगडासारखी होते. त्या दिवसांत उडी वाळूवरच घालावी. मात्र उडी बंद केली म्हणून घोड्याला ठाणाला बांधून ठेवू नये. संधिवाताचे सांधे उभे राहून आणखी धरतात.

आणि निकाल उडीच्या दिवशी लावू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे, औषध किंवा मालीश करण्यापूर्वी, घोड्याला सपाट कडक जमिनीवर दोरीवर सरळ दुडकीत आणावे. टापांचा ताल ऐकावा आणि डोक्याकडे पाहावे: पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना डोके वर जाते आणि चांगला टेकताना खाली येते. पहिली पाच-सहा पावले विशेष पाहावीत, कारण अंग मोकळे झाल्यावर थोडे दुखणे लपते. ते सारे एका वहीत लिहावे: काल किती उड्या, आज कसा चालला. महिनाभर वही ठेवली की त्या घोड्याचा आकडा त्या वहीत दिसू लागतो.

मैनेवर पुन्हा उडी घातली नाही. पुढची काही वर्षे ती लहान मुलांना चालीवर फिरवत असे, आणि एकदा कुंपणाचा मोडून पडलेला बांबू वाटेत आला तेव्हा, पाठीवर सात वर्षांची मुलगी असताना, तिने तो ओलांडण्याऐवजी थांबून हुंगला आणि बाजूने वळसा घातला. मामांनी माझ्याकडे पाहिले. प्रश्नांसाठी दोन मिनिटे आहेत असे मला सांगण्यात आले आहे. नालांविषयीचे प्रश्न कृपया चहाच्या वेळी विचारावेत, ते दोन मिनिटांत संपत नाहीत.