पारावरचा मुंजा

नमस्कार श्रोतेहो. कथा-कादंबऱ्यांतल्या प्रेमळ भुतांवर बोला, असं मला सांगितलं, तेव्हा आधी आठवला तो आजोळचा पिंपळ.

माझं आजोळ वाईजवळ, कृष्णाकाठी. गावाबाहेर पिंपळाचा पार आणि त्यावर मुंजा. मुंज होऊन सोडमुंजीच्या आत गेलेला मुलगा मुंजा होतो, असं आपल्याकडे मानतात. दिवेलागणीला आम्ही मुलं भीमरूपी म्हणायला बसायचो. चाफळपासून शिराळ्या-बह्यापर्यंत समर्थांनी मारुती स्थापलेला हा आपला मुलूख. 'भूतप्रेतसमंधादि' आलं की आमचा आवाज आपोआप चढायचा. एकदा आजी म्हणाली, "हळू म्हणा रे. त्या पोराला कशाला भेडसावताय?"

आजीचा थोरला मुलगा मुंजीनंतर वर्षाच्या आत तापानं गेला होता. दिवाळीला पहिल्या घाण्यातली करंजी द्रोणात घालून ती पारावर ठेवून यायची.

पुढे सांगलीत आले, वाचनाला लागले, आणि ही आजी मला परदेशी पुस्तकांत भेटली. मेरी शेली सतरा वर्षांची असताना, 1815 मध्ये, तिची दिवस भरण्याआधी जन्मलेली मुलगी गेली. तिनं रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलंय: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळून ऊब दिली आणि ते जगलं. त्यानंतरच्या वर्षी तिनं 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली. 1818 मध्ये ती छापून आली. मेलेल्या देहांत जीव ओतणाऱ्या माणसाची ही गोष्ट. ज्यानं जन्म दिला तोच बघून पळाला. त्या जिवाचं बारसंसुद्धा झालं नाही. पुस्तक संपेपर्यंत त्याला नाव नाही. एका गरीब कुटुंबाच्या भिंतीच्या फटीतून ऐकून ऐकून तो बोलायला शिकतो, रात्री त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेनं बोलतो. डोळस मुलगा आत येतो आणि काठीनं झोडपून काढतो. हे पान मी कितीदा वाचलं असेल! दर वेळी वाटतं, या खेपेला मुलाला यायला थोडा उशीर व्हावा.

अमेरिकेतल्या ॲन राईस यांची मुलगी 1972 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली, सहा वर्षंही पुरी झाली नव्हती. 1976 मध्ये त्यांची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' आली. त्यात क्लॉडिया आहे, रक्त पिणारी चिमुरडी. तिला मरण नाही, पण वाढही नाही. मन बाईचं होत जातं, हात मात्र बाहुलीएवढेच राहतात. आपल्याला असं करून ठेवणाऱ्यांवर ती संतापते, आणि तो संताप मला पटतो.

हल्ली माणसाच्या रक्ताला न शिवणारे, देखणे, सज्जन पिशाच्च पुष्कळ झालेत. मला ते भावत नाहीत. दात काढून घेतले की माया करायला काय लागतं? क्लॉडिया माणसं मारते. मेरीचा तो बिननावाचा जीवही एका लहान मुलाचा गळा घोटतो. ते वाचून अंगावर काटा येतो, तरी आपण त्याला टाकून देऊ शकत नाही. या दोन्ही बायकांनी आपल्या पानांत राक्षसाला बोलू दिलं, त्याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आजी लिहिणारी नव्हती. सकाळी द्रोण रिकामा असायचा. कुत्र्यानं खाल्लं असणार, हे तिलाही कळत होतं. ती पदरानं पार पुसायची, द्रोण उचलून आणायची. आणि दर दिवाळीला एखादी करंजी वाढवायची, कारण तिच्या लेखी ते पोर मोठं होत होतं. मी दहावीला होते, त्या वर्षी तिनं द्रोणाऐवजी पत्रावळ घेतली.