लांबत जाणारं आकुंचन

(दृश्य: डंबेल वर नेणारा हात, अगदी जवळून.)

डंबेल वर जातंय. दंडातला बायसेप्स आखडतोय, फुगतोय. हे आकुंचन डोळ्यांना दिसतं. याचं नाव कॉन्सेंट्रिक.

आता तेच डंबेल सावकाश खाली येऊ द्या. काम कोण करतंय? मागचा ट्रायसेप्स, असं बरेच जण ठोकून देतात. नाही, काम बायसेप्सचंच आहे. वजन धपकन खाली येऊ नये म्हणून तो जोर लावून धरतो आणि जोर लावता लावताच लांबत जातो. हे एक्सेंट्रिक आकुंचन.

लांबतोय आणि तरी आकुंचन? घोळ इथेच होतो. स्नायूच्या तंतूंत मायोसिन नावाचं प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला पकडून ओढतं आणि ताण तयार होतो. शरीरक्रियाशास्त्र त्या ताणाला आकुंचन म्हणतं. स्नायू आखडणार, तेवढाच राहणार की लांबणार, हे समोरचा भार ठरवतो. प्लँकमध्ये, म्हणजे कोपरांवर अंग ताठ धरून ठेवताना, स्नायूची लांबी बदलत नाही, ते आयसोमेट्रिक. 1988 मध्ये संशोधक पीटर कॅव्हानाह यांनी ‘आकुंचन’ टाकून ‘क्रिया’ म्हणावं असं सुचवलं. 2003 मध्ये दुसरे संशोधक जॉन फॉकनर यांनी जुन्याच शब्दाची बाजू घेतली. जिममध्ये या वादाची कुणाला फिकीर नाही, तिथे एक्सेंट्रिकला सरळ ‘निगेटिव्ह’ म्हणतात.

(दृश्य: पाठीला पाठ लावलेल्या दोन सायकलींचं रेखाचित्र.)

1952 साल. ॲबट, बिगलँड आणि रिची या संशोधकांनी दोन सायकली उलटसुलट ठेवून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने उलटं फिरणारं पेडल पायांनी रोखायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या प्रात्यक्षिकात तर लहान चणीच्या एका स्त्रीने नुसतं रोखून धरून धिप्पाड पुरुषाला दमवलं!

कारण असं, की लांबताना प्रत्येक तंतू जास्त भार पेलतो, म्हणून तेवढ्याच कामाला थोडे तंतू पुरतात. पण त्या थोड्यांवर ताण जबर पडतो.

(दृश्य: उतारावरून उतरणारे पाय.)

उतारावर मांडीचे स्नायूही असेच लांबत लांबत शरीराचा भार रोखतात. म्हणूनच डोंगर उतरताना दम लागत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या हात लावू देत नाहीत. तोच उतार दोनेक आठवड्यांत पुन्हा उतरलात, तर दुखणं बरंच कमी असतं.