थ्री-नॉट-थ्रीच्या अंगावरचे ठसे

[दृश्य: टेबलावर आडवी ठेवलेली रायफल. उजवी बाजू वर. बोल्ट उघडा, मॅगझीन काढून बाजूला.]

हिची नळी २५.२ इंचांची, वजन चार किलोंच्या आसपास, मॅगझीन दहा गोळ्यांचं. कागदोपत्री नाव शॉर्ट मॅगझीन ली-एनफील्ड. पोलीस ठाण्यापासून एनसीसीच्या मैदानापर्यंत सगळे मात्र थ्री-नॉट-थ्रीच म्हणतात. दोन्ही महायुद्धांत ती हिंदी पलटणींच्या खांद्यावर होती.

ठसे वाचण्याआधी एक काम करायचं. मॅगझीन काढायचं, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, पूर्ण मागे ओढायचा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, करंगळी घालून पाहायचं. नुसत्या नजरेवर विसंबू नये, कारण काळोखात काडतुसाचं बूड दिसत नाही. आणि .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे. वाड्याच्या माळ्यावर अशी रायफल निघाली, तर तिला हात न लावता पोलिसांना कळवायचं. इथे सांगतोय ते संग्रहालयातल्या, रीतसर नोंद असलेल्या रायफलींसाठी.

[दृश्य: दस्त्याच्या तोंडाशी असलेलं पोलादी कडं, अगदी जवळून.]

दस्ता जिथे पोलादात बसतो, तिथलं हे रुंद कडं. त्याच्या उजव्या अंगावर वरून खाली ओळी आहेत: मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल, नमुना. ‘एनफील्ड’ किंवा ‘बी.एस.ए.’ असेल तर रायफल इंग्लंडची. ‘लिथगो’ असेल तर ऑस्ट्रेलियाची. ‘इशापूर’ किंवा ‘आर.एफ.आय.’ असेल तर कोलकात्याजवळच्या, हुगळीकाठच्या रायफल फॅक्टरीची. इशापूरच्या मुकुटाखाली बहुधा ‘जी.आर.आय.’ असतं. त्यातला शेवटचा ‘आय’ सम्राटाचा, म्हणजे हिंदुस्थानच्या बादशहाचा. प्रजासत्ताकानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली.

सर्वांत खाली ‘एस.एच.टी. एल.ई.’, म्हणजे शॉर्ट ली-एनफील्ड, आणि रोमन तीन, म्हणजे मार्क थ्री हा नमुना. त्यापुढे तारा असेल तर ती मार्क थ्री स्टार, १९१६ पासूनची. पहिल्या महायुद्धात रायफली पुरेनात, म्हणून काही भाग गाळले. मॅगझीनवर सरकून त्यातल्या गोळ्या अडवणारी कट-ऑफची पट्टी गेली, लाकडाच्या डाव्या बाजूची लांब पल्ल्याचा नेम धरायची तबकडी गेली. तारा आहे आणि ही तबकडीही आहे, असं दिसलं तर लाकूड दुसऱ्या रायफलीचं असण्याची शक्यता आधी तपासावी. १९२६ मध्ये नावांची पद्धत बदलली आणि हीच रायफल ‘नंबर वन’ झाली. इशापूरच्या कड्यावर ‘नंबर वन’ कोरलेलं असेल तर ती त्यानंतरची.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि ‘१९१८ ची रायफल’ अशी पाटी लावून मोकळे होतात. पण कड्यावरचं साल फक्त त्या पोलादी सांगाड्याचं असतं. बाकीची रायफल त्याच सालची आहे का, हे क्रमांक जुळवल्याशिवाय कळत नाही.

[दृश्य: चेंबरच्या बाहेरचा भाग, मग बोल्टच्या दांड्याची मागची बाजू, मग नळीच्या टोकाची टोपी.]

एकच क्रमांक रिसिव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) पुढच्या कड्यावर, नळीवर, बोल्टच्या दांड्यामागे, पुढच्या टोपीवर आणि मागच्या नेमपट्टीच्या पोटाशी शोधायचा. सगळ्यांत महत्त्वाचा बोल्टचा. प्रत्येक बोल्ट आपापल्या रिसिव्हरला हाताने जुळवलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट बसतो, पण काडतुसामागची फट बिघडते आणि बार उडताना पितळी पुंगळी फाटू शकते. जुना क्रमांक आडव्या रेघेने खोडून नवा घातला असेल, तर तो भाग शस्त्रागारात रीतसर बदललेला आहे. खोड न करता जुळत नसलेला क्रमांक असेल तर बदल कुठेतरी बाहेर झाला, असं धरून चालावं. नुसत्या क्रमांकावरून मात्र रायफल ओळखता येत नाही. वेगवेगळ्या कारखान्यांत तेच आकडे पुन्हा येतात. कारखाना, साल आणि क्रमांक, तिन्ही एकत्र लिहायचे.

[दृश्य: बाणाच्या टोकासारखा तीन रेघांचा ठसा. त्याखाली एक उभी रेघ.]

तीन रेघांचा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. त्याखाली ‘आय’ असेल तर ती हिंदी सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर रायफल सरकारी नोकरीतून विकून टाकलेली आहे. नळीवर कधी ‘२.२२२’ आणि ‘१८.५ टन’ असे आकडे सापडतात. पुष्कळांना ते क्रमांक वाटतात. पहिला आहे काडतुसाच्या पुंगळीची लांबी, इंचांत, दुसरा दाबाचा. हा इंग्लंडच्या नागरी परीक्षणगृहाचा ठसा. म्हणजे ही रायफल एकदा खाजगी बाजारात गेलेली आहे.

‘डी.पी.’ हा ठसा एनसीसीच्या मुलांना चांगला परिचयाचा: फक्त कवायतीसाठी. अशा रायफलीतून गोळी कधीही झाडायची नसते. ‘ई.वाय.’ म्हणजे अडीअडचणीलाच वापरायची. अशांपैकी बऱ्याच रायफली ग्रेनेड फेकायला दिल्या जात. त्यांच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळून डाग दिलेला असतो, म्हणजे नळी फुटली तरी तुकडे हातात घुसू नयेत. ती तार ‘नंतरची खराबी’ समजून सोडवली, तर त्या रायफलीचा अर्धा इतिहास गेला.

दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती असेल तर ती सावकाश वाचावी. तीवर पलटणीचं लघुरूप, महिना-साल आणि रायफलीचा पलटणीतला नंबर असतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठा पलटणींचे जुने आकडे. १९२२ च्या पुनर्रचनेत ते मोडून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. चकतीवर असा तीन आकडी नंबर असेल तर ती त्याआधीची. सोबत ‘के.एफ.’ ठशाची काडतुसं आली असतील, तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची.

[दृश्य: दोन रायफली शेजारी शेजारी.]

या दोघी सारख्या दिसतात. डावीच्या नळीत डोकावलं तर आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, नाहीत, आतून ती गुळगुळीत आहे. ही पोलिसांची .४१० मस्कट. इशापूरने .३०३ च्या नळ्या पोखरून केलेली, मॅगझीनमध्ये लाकडी ठोकळा बसवून एकबारी बनवलेली. उजवीचं मॅगझीन चौकोनी, बारा गोळ्यांचं. ही ७.६२ मि.मी.ची २-ए-१ रायफल, १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या २-ए ची पुढची आवृत्ती. ती जुनी .३०३ कापून केलेली नाही. जास्त दाबासाठी चांगल्या पोलादात नव्याने बनवलेली आहे.

पेशावर-कोहाट वाटेवरच्या दर्रा आदमखेल गावात बनलेल्या नकला ओळखायला साल आणि राजा जुळवावा. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली, मार्क थ्री १९०७ मध्ये आली. ‘व्ही.आर.’खाली रोमन तीन दिसलं की उत्तर मिळालं. तिथल्या कारागिरांचा हात कसलेला, पण इंग्रजी अक्षरं त्यांनी चित्रासारखी उतरवली, म्हणून ‘एन’ कधी उलटा पडतो.

[दृश्य: तिरपा उजेड, मऊ कापड, बांबूची काडी.]

ठसे पुसट असतील तर विजेरी बाजूने धरायची आणि खडूची भुकटी हलकेच फिरवायची. पॉलिशपेपर, तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावलं, तर गंजासोबत अक्षरंही निघून जातात. खालचे ठसे पाहायला लाकूड सोडवावं लागलं तर पुढचं लाकूड आधी, दस्ता नंतर. दस्ता आवळणाऱ्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. उलट क्रमाने फिरवलात तर पुढचं लाकूड मागून फाटतं, आणि शंभर वर्षांचं जुळलेलं लाकूड पुन्हा मिळत नाही.