हार्मोन थेरपी घ्यावी की नाही? त्या २६ टक्क्यांचा हिशोब

‘हार्मोनच्या गोळ्या? नको गं बाई, कॅन्सर होतो त्यानं!’ पाळी जायच्या वयात हे कुणी ना कुणी ऐकवतंच. मैत्रीण, जाऊ, कधी कधी डॉक्टरसुद्धा. ही भीती आली कुठून आणि तुम्हाला ती किती लागू पडते, ते आज बघू.

जुलै २००२. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्यातला इस्ट्रोजेन (पाळी जाताना शरीरात कमी होणारं हार्मोन) आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं काम करणारं औषध) एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, अशी बातमी जगभर गेली आणि असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या.

आता हे २६ टक्के जरा उलगडून बघा. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी, हेही प्रत्येकी आठनं वाढले. खुब्याचं हाड मोडणाऱ्या मात्र पाचनं कमी झाल्या. धोका खरा आहे, मी तो लपवणार नाही. पण २६ टक्के म्हटल्यावर दर चार जणींत एकीला कर्करोग होणार, असं ज्यांना वाटलं त्यांना कुणी हे आकडे समजावूनच सांगितले नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. आणि आपण निर्णय घेतो तो पन्नाशीच्या आसपास, अंगातून वाफा निघतात, घामानं झोप मोडते, तेव्हा! साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर निरोगी बाईच्या बाबतीत पारडं बहुतेकदा फायद्याकडे झुकतं. या वाफांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. हाडांची झीजही थांबते. पण हृदयविकार किंवा स्मृतिभ्रंश टाळायला म्हणून कुणी देत असेल, तर घेऊ नका. ते त्याचं काम नाही.

डॉक्टरांकडे गेलात की पहिला प्रश्न येईल गर्भाशयाचा. पिशवी असेल, तर नुसत्या इस्ट्रोजेननं तिचं अस्तर वाढत जातं आणि तिथे कर्करोग होऊ शकतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा तशाच कामाचं औषध लागतंच. पिशवी काढलेली असेल, तर एकटं इस्ट्रोजेन पुरतं. त्याच अभ्यासात अशा बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही.

दुसरं, गोळी की पट्टी? गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवरची पट्टी किंवा जेल हा टप्पा टाळतं. वजन जास्त असेल, मायग्रेन असेल, तर हा फरक मोठा ठरतो. स्वतःहून विचारा, ‘मला पट्टी चालेल का?’

काही जणींसाठी उत्तर सहसा ‘नाही’च असतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलाय, गुठळी झाली होती, यकृताचा आजार बळावलेला आहे. अंगावरून रक्त जातंय आणि कारण कळलेलं नाही, तर आधी तपासणी. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत, त्यामुळे सोसत बसायचं कारण नाही.

आणि जिची पाळी चाळिशीच्या आत गेली, तिच्याशी मला वेगळं बोलायचंय. साठीतल्या बायकांचे हे आकडे तुझ्यासाठी नाहीत. तुझ्या शरीराला जे आणखी दहा-बारा वर्षं मिळायला हवं होतं, तेच आपण परत देतोय. काही अडसर नसेल, तर पन्नाशीपर्यंत तरी हार्मोन घ्यावेत असाच सल्ला दिला जातो, कारण न घेतल्यास हाडं आणि हृदय दोन्ही लवकर थकतात. ‘इतक्या लहान वयात कशाला गोळ्या’ म्हणून कुणी परत पाठवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

त्रास फक्त योनीतल्या कोरडेपणाचा, जळजळीचा किंवा सारख्या होणाऱ्या लघवीच्या संसर्गाचा असेल, तर तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं. ते रक्तात अगदी थोडं उतरतं. कितीतरी जणी लाजेपायी हे विचारत नाहीत. तोंडानं सांगवत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि टेबलावर ठेवा.