धुऱ्यावरचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडसा-देसाईगंजच्या अलीकडे. धान निघालं की आमच्याकडे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम लागतो. दिवाळीनंतर कुठे मंडईची जत्रा, कुठे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि त्याच रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, लग्नं जुळतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते तांबडं फुटेपर्यंत चालतं. मधे लावणी, विनोद, गाण्याला वन्समोअर. शिकलेली माणसं म्हणतात, ही नुसती करमणूक. त्या ‘नुसती’ला माझी हरकत आहे.

मी दहाएक वर्षांचा असेन. त्या रात्रीच्या नाटकात थोरला भाऊ पंचांसमोर खोटं बोलतो. धाकट्याने शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, धुरा म्हणजे हद्दीचा बांध सरकवलेला असतो, आणि थोरला सांगतो, धुरा आधीपासून तिथंच होता. मांडवातले सगळे रडत होते. आम्ही पोरं तनसावर, धानाच्या पेंढ्यावर, गोधडीत, अर्धी झोपलेली.

सकाळी खळ्यावर बाया सुपाने धान पाखडत होत्या. विषय तोच. एक काकू म्हणाल्या, “खोटं ते खोटंच.” माझी मोठी आई म्हणाली, “भावासाठी बोलला, तं पाप कायचं?” थोडा वेळ नुसता सुपांचा आवाज. मग कोपऱ्यातली एक म्हातारी, जी सहसा बोलत नसे, म्हणाली, “अन् ज्याचा धुरा गेला, त्याले भाऊ नाही का?”

मोठ्या आईचं सूप थांबलं. तिला उत्तर सुचलं नाही. यातली एकही बाई शाळेत गेलेली नव्हती. पुढे मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकलो. रक्ताचं नातं मोठं की न्याय, हा प्रश्न तिथे पुन्हा भेटला तेव्हा मला त्या धानाच्या कोंड्याचा वास आला.

नाट्यशास्त्रात नाट्याला पाचवा वेद म्हटलंय, सर्व वर्णांसाठीचा. दुःखाने, श्रमाने, शोकाने पिचलेल्यांना ते विश्रांती देईल, असं तिथं सांगितलंय. विश्रांती म्हणजे थकवा जाणं, एवढंच मला वाटायचं. पण त्या बाया तर रात्रभर जागलेल्या होत्या! त्यांना विश्रांती मिळाली ती स्वतःच्या काळजीतून. कर्ज, आजारपण, पोरीचं लग्न, सगळं एका रात्रीपुरतं बाजूला पडलं, म्हणून मनात दुसऱ्याच्या धुऱ्याला जागा झाली. हे काम जड ग्रंथांपेक्षा पेटीच्या सुरावरचं नाटक लवकर करतं, असं मला मनापासून वाटतं.

झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा इथे दूरदेशी मी एकटाच टाळ्या वाजवल्या. मोठी आई तोवर गेली होती.

इथे दरवर्षी आपलं नाटक ठेवणाऱ्या समितीला एक विनंती. आपलं वार्षिक नाटक संपलं की दहा मिनिटांत खुर्च्या उचलल्या जातात आणि गाड्या सुरू होतात. यंदा हॉल एक तास जास्त घ्या. त्या तासाचं भाडं मी देतो, चहाही माझ्याकडून. खुर्च्या मात्र गोल मांडा, खळ्यावर बाया बसतात तशा.